अकरा उंदरांचे गुण

प्रिय बारक्या,

पत्राची सुरुवात तक्रारीने करू नये असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं, पण त्या शाळेला आपोआप उघडणारा दरवाजा नव्हता. आमच्या संस्थेने जुना, ढकलून उघडायचा, कुणाशीही भेदभाव न करणारा दरवाजा काढून टाकला आणि तिथे काचेचा एक शहाणा दरवाजा बसवला. या दरवाजाने मला माणूस मानायला साफ नकार दिला आहे. तो कुरिअरवाल्याला उघडतो. कचऱ्याच्या ढकलगाडीला उघडतो. परवा वाऱ्यावर उडत आलेल्या एका रिकाम्या पिशवीला उघडला; ती आत गेली, चौकशीच्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून स्थिरावली, आणि सत्तावीस वर्षं नोकरी झालेली मी बाहेर काचेला नाक लावून उभी. मी मागे जाते, पुन्हा येते, हात हलवते, बुडणाऱ्या माणसासारखी दोन्ही हात वर करते, तेव्हा कुठे साहेबांना दया येते. शेवटी देखभालीच्या माणसाकडे लेखी तक्रार दिली. त्याने मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, दरवाजा चांगला आहे. तुम्हीच यायचं की नाही ते ठरवत ठरवत येता. जरा सरळ चालत या ना." मला त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. गेले तीन आठवडे मी त्या इमारतीत शिरायचं की नाही हे रोज पायरीवर ठरवते आहे.

तर मुद्दा. रविवारी फोनवर तू विचारलंस, हाताच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर या खेपेला हो म्हणायचं, की तुमच्या खतासाठी अजून थांबायचं? मी म्हटलं, पत्रात लिहिते. तू हसलास. "म्हणजे उत्तर चांगलंच लांब दिसतंय," म्हणालास. उत्तर एका शब्दाचं आहे रे. पण चार वर्षांपूर्वीही तू माझ्या शब्दावर विसंबलास. म्हणून या वेळी शब्दाच्या आधी हिशोब. आणि सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, तुला पाठ असलेलंसुद्धा, कारण आजवर मी तुला माझं काम विनोदाच्या कागदात गुंडाळूनच दिलं. आत काय आहे ते तू कधी उघडून पाहिलं नाहीस. पाहायची गरज पडू नये अशीच मी गुंडाळत होते.

सहा वर्षांपूर्वी तू स्टुलावरून पडलास. डोंगरावरून नाही, गाडीवरून नाही. आपल्या कवळ्यांच्या कारखान्यात, माळ्यावरची प्लास्टरची पिशवी काढताना, हातभर उंचीच्या स्टुलावरून. मान मोडली. खांदे राहिले, कोपर राहिलं, मनगट वर उचलता येतं, बोटं गेली. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ज्या बोटांनी घडवलं ती बोटं. तू मात्र तिसऱ्या महिन्यात कारखान्यात खुर्ची लावून घेतलीस आणि कामगारांना नुसतं सांगून कवळ्या करून घ्यायला लागलास. मी तुला म्हटलं होतं, कवळ्यांचा धंदा तोंडानेच चालवायचा असतो. सगळे हसले. तूही हसलास. माझ्या विनोदांवर तू नेहमी वेळेवर हसतोस, ही तुझी मोठी खोड आहे.

मग दोन वर्षांनी हाताचे डॉक्टर आले. त्यांचं म्हणणं अगदी सुताराच्या वळणाचं होतं. कोपर वाकवायला हाताला एकाहून जास्त स्नायू आहेत. त्यातला एक धडधाकट स्नायू सोडवायचा आणि अंगठ्याच्या दोरीला जोडायचा. मग मनाने सांगितलं की अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबला जाईल. चमचा धरता येईल, ब्रश धरता येईल, पँटची चेन ओढता येईल. तू विचारलंस, बाकीची बोटं? ते म्हणाले, "मी चमत्कार करत नाही. मी चिमटा देतो." मला तो माणूस त्याच क्षणी आवडला नाही. इतकं कमी आणि इतकं खात्रीने बोलणारी माणसं मला सोसत नाहीत. माझ्याकडे त्या वेळी चमत्कार होता ना.

आता चमत्काराबद्दल. आपल्या मज्जारज्जूतली चेतातंतूंची दोरी एकदा तुटली की पुन्हा वाढत नाही. लहानपणी ती वाढलेली असते, कारण तेव्हा शरीर काही विशिष्ट प्रथिनं तयार करून त्या तंतूंना खाऊ घालत असतं. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना. आम्ही प्रयोगशाळेत त्यांना खत म्हणतो. मोठेपणी खत जवळजवळ बंद होतं. मग जखमेच्या जागी बाहेरून खत घातलं तर? कल्पना इतकी साधी आहे की जगभरच्या प्रयोगशाळा कैक वर्षं तिच्यामागे आहेत, आणि त्यातल्या कुणीही मूर्ख नाही. आमच्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, एका खताला लुसलुशीत जेलमध्ये कालवून जखमेत भरायची युक्ती काढली. बावीस पांढरे उंदीर. अकरांच्या जखमेत खताचं जेल, अकरांच्या जखमेत नुसतं जेल. कोणाला काय मिळालं ती यादी बंद पाकिटात, पाकीट बाईंच्या कपाटात, किल्ली बाईंच्या गळ्यात.

आणि गुण द्यायला मी. मी शास्त्रज्ञ नाही हे तू लोकांना सांगत नाहीस, हा तुझा चांगुलपणा. मी तंत्रज्ञ. लहान मुलांना डुंबायला मिळतं तसला एक प्लास्टिकचा निळा टब असतो, त्याच्या तळाला हसणारी बदकं छापलेली असतात. त्यात एकेक उंदीर सोडायचा. टबाच्या दोन बाजूंना दोन माणसं उकिडवी बसणार. अंडी उकडायचं घड्याळ चार मिनिटांवर लावायचं आणि मागच्या पायांकडे बघायचं. पाऊल टेकतं का, अंगाचा भार घेतं का, आणि घेत असेल तर कितीदा. कधीकधी घेत असेल तर एक आकडा, वारंवार घेत असेल तर त्याहून एक जास्त. घंटा वाजली की दोघांनी आपापलं मत सांगायचं, एकमत करायचं, आणि वहीत एकच आकडा लिहायचा. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या त्या इमारतीत सगळं येऊन थांबतं ते "कधीकधी" आणि "वारंवार" या दोन शब्दांशी, आणि ते शब्द उच्चारायला ठेवलेल्या, गुडघे दुखणाऱ्या एका बाईशी.

नियम एवढाच की त्या बाईला कोणाला काय मिळालंय ते माहीत नसावं. मला कपाटाची किल्ली कोणी दिली नाही. मी चोरलीही नाही. मला हातांनी कळलं.

पाठीला जखम झालेल्या उंदराला लघवी आपली आपण करता येत नाही. सकाळ-संध्याकाळ एकेकाला हातात घेऊन पोट हलकेच दाबून ती काढावी लागते, नाहीतर तो मरतो. हे काम गुण देणाऱ्याने करायचं नसतं. पण जनावरांकडे बघणारी मावशी बाळंतपणाच्या रजेवर गेली, बदली माणूस आला नाही, आणि मी म्हटलं, मी करते. सगळ्यांना वाटलं, काय कामाची बाई आहे. तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या लक्षात आलं, काही उंदीर पोटाला बोट लागलं की अंग चोरतात. किंचाळत नाहीत, चावत नाहीत. नुसते दगडासारखे होतात. हे खत तंतूंना वाढवतं तसं दुखरंही करतं, असं मी बाईंच्याच एका बैठकीत चहा देता-घेता ऐकलं होतं. चौथ्या आठवड्यात मोजले. अंग चोरणारे बरोबर अकरा.

त्याच दिवशी मी बाईंकडे जाऊन सांगायला हवं होतं की माझे डोळे आता बाद झाले, दुसरं कोणी बसवा. नाही सांगितलं. आणि खरं सांगते, मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. मी फक्त वाट पाहिली. त्या अकरांपैकी कोणी टबात असला आणि घंटा वाजली, आणि त्याचं पाऊल अर्धवट उचललेलं असलं, तर मी ते खाली टेकेपर्यंत थांबले. दहा सेकंद. कधी पंधरा. एखादं पाऊल धड पडलं की मनात म्हणायची, बघ, जमतंय. दुसऱ्या अकरांची घंटा वाजली की मात्र माझे गुडघे लगेच दुखायला लागायचे. त्यांचं पाऊल हवेत राहिलं तर राहिलं. पुढचे आठ आठवडे, दर आठवड्याला बावीस उंदीर, आणि सगळी दहा-दहा सेकंदं एकाच तागडीत.

टबाच्या पलीकडे चष्मिष्ट बसायची. नवी मुलगी, पहिलीच नोकरी, इतक्या जाड काचा की टबातल्या बदकांनाही तिचे डोळे मोठे दिसत असतील. ती घंटेला थांबायची. ती म्हणायची, "कधीकधी." मी म्हणायची, "वारंवार." ती म्हणायची, "ताई, मी मोजली ना, बारातली पाचच पावलं." आणि मी, तुला माहीतच आहे मी कशी, म्हणायची, "अगं, चष्मा पुसून घे, नाहीतर बदकांना गुण देशील." सगळी खोली हसायची. ती लाल व्हायची, काचा पुसायची, आणि म्हणायची, "बरं, वारंवार." तीन वेळा असं झाल्यावर तिने पाचच पावलं म्हणणं सोडलं. चौथ्या वेळेपासून ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मला ते दिसत होतं. मी त्याला अनुभवाचा मान समजत होते. वर्षभराने ती दुसरीकडे नोकरीला गेली. निरोपाच्या दिवशी ती माझ्यासाठी चष्म्याच्या काचा पुसायचं मऊ फडकं घेऊन आली होती. मी ते आजवर विनोद समजत होते.

मग बाईंनी पाकीट फोडलं, आणि आलेख आला. दोन रेघा, सुरुवातीला चिकटलेल्या, आणि चौथ्या आठवड्यापासून एक वर निघालेली. चौथ्या आठवड्यापासून, बारक्या. शाई वाळायच्या आत मी त्याची प्रत काढली आणि तुझ्याकडे आले. त्याच महिन्यात हाताच्या डॉक्टरांचा अर्ज आला होता: शस्त्रक्रिया हवी, नको, की सध्या नको. तुझा पत्रव्यवहार मी बघते म्हणून तो माझ्याच पत्त्यावर आला होता. तू म्हणालास, "हो लिही, ताई. चिमटा तर चिमटा." मी पेनाचं टोपण लावलं आणि आलेख काढला. पाऊण तास बोलले. एकदा स्नायू हलवला की हलवला. उद्या हे औषध माणसांना मिळायला लागलं, तुझ्या तंतूंनी पुन्हा वाट धरली, आणि बघतात तर स्नायू दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलेला. तू काय म्हणशील तेव्हा? तू मनगटाने आलेख जवळ ओढलास. मग म्हणालास, "तू म्हणतेस तर…" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मी "सध्या नको"वर खूण केली. तो आलेख तू पलंगासमोरच्या कपाटावर चिकटवून घेतलास. मी आले की त्याच्याकडे बघत चहा पितोस.

त्या दिवशी निघताना तुझी बायको जिन्यापर्यंत सोडायला आली. पायरीवर उभी राहून तिने हळूच विचारलं, "ताई, खरंच येणारे का हे औषध? म्हणजे किती दिवस धरून चालू मी?" ती काय विचारत होती ते मला तेव्हा कळलं नाही असं लिहिणार होते, पण या पत्रात तरी नको. कळलं होतं. दर चार तासांनी तुझी लघवीची नळी तिला लावावी लागते. अंगठ्यात चिमटा आला असता तर ते तुझं तू करू शकला असतास. डॉक्टर तसं म्हणाले होते. ती सहा वर्षांत एक रात्र बहिणीकडे राहिलेली नाही. आणि मी, जी दिवसातून दोनदा बावीस उंदरांची तीच सेवा करून घरी जात होते, मी तिला म्हटलं, "सवत येणार म्हटल्यावर बाई जशी तारीख विचारते तसं काय विचारतेस?" ती हसली. आपल्या घरात माझ्यावर न हसणारं कोणी उरलंच नाही. उंदरांच्या पोटावर हात ठेवताना मला एकदाही तुझ्या बायकोचे हात आठवले नाहीत. एकदाही नाही.

तुला दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा आठवतात? दर महिन्याला मी तुझी उंची मोजायची. तू वर्गात सगळ्यात बुटका, आणि मोजताना डोळे मिटून श्वास रोखून उभा राहायचास, जणू श्वासाने उंची गळते. मी पट्टी तुझ्या डोक्यावर मागून जराशी वर कलती धरायची. तू रेघ बघून घरभर नाचायचास. शेवटी बाबांनी त्या चौकटीवर विश्वास ठेवून तुझ्या शाळेच्या पँटी शिवायला टाकल्या, आणि तू वर्षभर पायातल्या घोळावर पाय पडून शाळेच्या मैदानात आपटत होतास. बाबांनी शिंप्याला दोष दिला. मी तो देऊ दिला. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. उलट, चाळीस वर्षांत हात सुधारला नाही एवढंच.

आता बातमी. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने आमचा प्रयोग तसाच्या तसा करून पाहिला, त्यांना काही दिसलं नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. बाई चिडणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी आमच्या टबावरच्या कॅमेऱ्याच्या सगळ्या जुन्या चित्रफिती काढल्या आणि बाहेरच्या तीन माणसांकडे पाठवल्या, ज्यांना उंदीर माहीत नाहीत, मी माहीत नाही, तू माहीत नाहीस. त्यांनी घंटेला थांबून गुण दिले. दोन्ही रेघा शेवटपर्यंत एकमेकींना चिकटून. तीन आठवड्यांपूर्वी तो निकाल आला. सगळे चष्मिष्टकडे बोट दाखवू लागले. नवखी होती, नजर कच्ची होती, असं चहाच्या यंत्रापाशी कोणीतरी म्हणालं. आणि खोटं का सांगू, अडीच आठवडे मी ते म्हणू दिलं.

मंगळवारी मी बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. हात, अंग चोरणं, दहा सेकंदं, फडकं, तू. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "किती उंदीर?" मी म्हटलं, अकराच्या अकरा. त्यांनी समोरच्या कागदावर अकरा लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मग म्हणाल्या, "दुखतं हे तरी लिहायला हवं होतंस." बारक्या, मी तयार होऊन गेले होते ती सगळी बोलणी दुसरीच होती. पण खरं तेच होतं. ज्या औषधाने पोटाला बोट लागताच जनावर दगड होतं, ते औषध मी तुझ्या मानेत मागत होते, आणि दुखण्याची नोंद वहीत केली असती तर माझे डोळे बाद झाल्याचं कळलं असतं, म्हणून केली नाही. बाई लेख मागे घेत आहेत. माझी चौकशी होईल. चष्मिष्टला मी पत्र लिहिलं, तिची बारातली पाच पावलं बरोबर होती असं. तेवढं तिच्या नव्या साहेबांनाही कळवलं. तिचं उत्तर आलं नाही. येऊ नये असं मला वाटतं, कारण आलं तर उघडायला लागेल.

खत खोटं आहे असं मात्र समजू नकोस. तसं सांगितलं तर मी पट्टी दुसऱ्या बाजूला कलती धरल्यासारखं होईल. सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिलं आहे, खताच्या जागेत तंतू शिरतात, फुटवे फुटतात. पण जेवण फुकट आणि गादी मऊ मिळालेला पाहुणा जसा उठायचं नाव काढत नाही, तसे ते तिथेच बसून राहतात. जखमेच्या पलीकडे, जिथे काम आहे, तिकडे जात नाहीत. गेले तरी योग्य घर सापडेल असं नाही. आणि भलतेच तंतू वाढले तर पाय हलत नाहीत, दुखणं मात्र वाढतं. लोक यावर काम करत आहेत, प्रामाणिक लोक, घंटेला थांबणारे. कदाचित तुझ्या-माझ्या हयातीत काही होईल. कदाचित नाही. "कधीकधी" आणि "वारंवार" याच्याही आधी तक्त्यात एक शब्द असतो, "अजिबात नाही", आणि माणसाच्या बोटांबद्दल आज वहीत लिहायचं झालं तर तोच लिहावा लागेल. कपाटावरचा तो कागद काढून टाकायला सांग. नाहीतर राहू दे, पण कोरी बाजू समोर करून.

आता तू रविवारी विचारलेलं. तू आणखी एक गोष्ट विचारली होतीस, जाता जाता, फोन ठेवताना: "डॉक्टरांकडून काही आलंय का ग तुझ्याकडे?" मी म्हटलं, अजून नाही. आलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, त्या निकालाच्याच दिवशी, आणि तू विचारलंस तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं. नाही म्हणाले कारण हो म्हटलं असतं तर तू पुढे विचारलं असतंस, मग काय लिहायचं ताई, आणि मला आलेखाचं सांगावं लागलं असतं. म्हणजे मंगळवारी मी बाईंना सगळं सांगून हलकी झाले, त्याच्या दोनच दिवस आधी मी तुझा हात पुन्हा एकदा खणात टाकला होता. हे पत्र त्यासाठी आहे. अर्ज सोबत जोडला आहे. डॉक्टर लिहितात की मधे गेलेल्या वर्षांनी फारसं बिघडलेलं नाही, चिमटा अजून देता येईल. उत्तर पंचवीस तारखेच्या आत हवं. तुझं नाव, वय, पत्ता हे मी भरलं आहे, कारण ते तू नेहमी चुकीचं सांगतोस. तीन चौकोन मोकळे ठेवले आहेत. माझा शब्द मागितलास तर तो "हो" आहे, पण माझ्या शब्दाची किंमत तू आता वर वाचली आहेस. चमचा खोचतोस त्या हाताच्या पट्ट्यात पेन खोचून घे आणि खूण तुझी तू कर, वाकडी आली तर येऊ दे, चौकोनाबाहेर गेली तरी ते ओळखतील. रविवारी मी फोन करीन. न उचलण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, फक्त तुझ्या बायकोला उचलायला लावू नकोस. परतीच्या पाकिटावर मी तिकीट लावलं आहे. गेल्या खेपेला माझ्याकडे नव्हतं, तेव्हा तिने स्वतःच्या पर्समधलं काढून दिलं होतं, आणि मी देते म्हणून राहिलंच. ते एक सुटं, कागदाच्या चिमट्याला लावून ठेवलं आहे. तेवढं तिला दे.

तुझीच, अजून तू म्हणशील तोवर,
ताई